धूमकेतूचं शेपूट सूर्याकडे कसं काय?

प्रश्न: ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू बघायला आम्ही गच्चीवर गेलेलो, नुसत्या डोळ्यांनी काही नाही, दुर्बिणीतून एक पुसट पट्टा तेवढा दिसला. पण मोबाइलवर आलेल्या फोटोंत त्याला सूर्याच्या बाजूलाही बारीक शेपूट होतं. शाळेत तर शिकलो की ते कायम सूर्याच्या उलट्या दिशेला असतं. फोटो एडिट केलेले का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: नाही हो, असे खरे फोटो बऱ्याच जणांना मिळाले. आणि शाळेतलंही बरोबर, फक्त अर्धवट.

घरी कुणाला तांदूळ पाखडताना बघितलंय ना? कोंडा लांब उडतो, दाणे परत सुपात. धूमकेतूच्या धुळीचं तेच, फक्त तिथे उन्हाचा दाब. हो, प्रकाशालाही दाब असतो, आपल्याला जाणवत नाही इतका कमी, पण कण जितका बारीक तितकं वजनाच्या मानाने त्याचं अंग जास्त, त्यामुळे मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग) कण चांगलेच रेटले जातात आणि वाळूच्या दाण्याला फारसा फरक पडत नाही. गंमत म्हणजे अंतर दुप्पट झालं की सूर्याची ओढ चौथाई होते आणि हा दाबही चौथाईच, म्हणजे कणापुरता सूर्य कायमचाच थोडा हलका झालेला. मग तो जास्त मोठ्या वाटेने जातो, मागे पडतो, शेपूट वाकतं. ट्रकमागच्या धुरासारखं समजू नका, तिथे हवाच नाही, सूर्यापासून परत जाताना धूमकेतू चक्क शेपूट पुढे करून जातो! (निळसर सरळ शेपूट गॅसचं, ते सौरवाऱ्याचं, म्हणजे सूर्यातून सुटणाऱ्या भारित कणांच्या झोताचं काम.)

आता तुमचं उलटं शेपूट. जाडे कण धूमकेतूच्या कक्षेच्या पातळीतच, म्हणजे त्याची वाट ज्या सपाट पानावर काढता येईल त्यातच, पातळ पसरून राहतात. खिडकीची सुटी काच समोरून बघितली तर आरपार दिसते, कडेने बघा, हिरवीगार. ऑक्टोबरच्या मध्याला पृथ्वी नेमकी त्या पातळीतून गेली, विरळ धूळ आपल्याला कडेने दिसली आणि तिची उजळ रेघ झाली. कुणी सूर्याकडे ढकललेली नाही ती, मागे राहिलेलीच धूळ, आपण उभे होतो तिथून त्या बाजूला दिसली एवढंच. पृथ्वी पुढे सरकली तशी काही दिवसांत रेघ गेली.

असलेच जाडे कण हॅलीच्या धूमकेतूनेही सोडलेत, दरवर्षी २१ ऑक्टोबरच्या आसपास पृथ्वी त्यांच्यातून जाते आणि ते सेकंदाला ६६ किलोमीटरने हवेत घुसून जळतात, त्याच उल्का. त्या बघायला मुलुंडहून मात्र नको, वांगणीच्या पुढे कुठेतरी अंधारात जा, पहाटे तीननंतर, आणि दुर्बीण घरी ठेवा.