बूटच होत नाहीये, डेटा गेला का? (वाचकांचे लिनक्स प्रश्न)

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात एक जुनं मशीन आहे, त्यावर डेबियन १० होतं. पुस्तकांची देवघेव, वर्गणी सगळं त्याच्यातच. मीच बघतो ते, शिक्षण काही नाही यातलं, करत करत जमलं. १० चा सपोर्ट संपला म्हणून सोर्सेसच्या फाइलमध्ये बस्टर (१० चं नाव) होतं तिथे बुकवर्म (१२ चं नाव) लिहिलं आणि फुल अपग्रेड मारलं. अर्ध्यात पर्लचा एरर आला, लिबक्रिप्ट.एसओ.१ सापडत नाही म्हणे, आणि एपीटी (पॅकेजं बसवणारी कमांड) थांबलं. सुडो पासवर्ड घेईना. मग घाबरून रीबूट केलं तर आता काळी स्क्रीन, कर्नल पॅनिक, अटेम्प्टेड टू किल इनिट, आणि एक्झिटकोडच्या शेवटी ७एफ००. बॅकअप दोन महिन्यांपूर्वीचा आहे. एक मित्र म्हणतो फॉरमॅट मार. डेटा गेला का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर: दादा, आधी श्वास घ्या आणि त्या मित्राला थोडं थांबायला सांगा. तुम्ही जे लिहिलंय त्यात डेटा गेल्याची कुठलीच खूण नाही. तो ७एफ म्हणजे दशमानात १२७, आणि एखाद्या प्रोग्रामला सुरू होताना हवी ती लायब्ररी मिळाली नाही की लोडर (प्रोग्रामला त्याच्या लायब्ररी जोडून देणारा) १२७ कोड देऊन बाहेर पडतो. म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) उठला, डिस्क दिसली, फाइल सिस्टिम उघडली, मग त्याने इनिटला (सगळ्यात आधी सुरू होणाऱ्या प्रोग्रामला) हाक मारली आणि इनिट दारातच अडखळला कारण त्याला लिबक्रिप्ट (पासवर्डसाठी लागणारी लायब्ररी) मिळाली नाही. एक फाइल कमी आहे, बास.

ती गेली कुठे ते सांगते, कारण हे कळलं की भीती जाते. डेबियन १० मध्ये जीलिबसी (जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूळ लायब्ररी, थोडक्यात लिबसी) २.२८ होती आणि लिबक्रिप्ट.एसओ.१ ही फाइल तिच्याच पॅकेजमध्ये, म्हणजे लिबसी६ मध्ये यायची. ११ पासून तिचं लिबक्रिप्ट१ नावाचं वेगळं पॅकेज झालं. तुम्ही १० वरून थेट १२ वर उडी मारली, तिथे जीलिबसी २.३६ आहे, आणि नवीन लिबसी६ आधी उलगडलं गेलं, त्याने जुन्याबरोबर लिबक्रिप्टही काढून टाकली आणि लिबक्रिप्ट१ ची पाळी यायची होती. मधल्या त्या क्षणात पर्ल (स्क्रिप्ट चालवणारी भाषा, तिलाही लिबक्रिप्ट लागते) उघडं पडलं. आता पॅकेजांच्या कितीतरी इन्स्टॉल स्क्रिप्ट पर्लवर चालतात, म्हणून एपीटी तिथेच अडकलं. पासवर्ड तपासणाऱ्या पॅमलाही हीच फाइल लागते, म्हणून सुडो गेलं. डेबियनवाले स्पष्ट सांगतात की एकेक आवृत्ती करत वर या, १० वरून ११, मग १२, मधली गाळायची नाही, ते यासाठीच.

आता दुरुस्ती. आणि यातली सगळ्यात चांगली गोष्ट अशी की औषध तुमच्या घरातच आहे. एपीटी सगळी पॅकेजं आधी डाउनलोड करतं आणि मग उलगडायला घेतं, त्यामुळे लिबक्रिप्ट१ ची डेब फाइल व्हार, कॅश, एपीटी, आर्काइव्ह्ज या फोल्डरमध्ये आत्ता पडलेली असणार. बॅशला लिबक्रिप्ट लागत नाही, म्हणून बॅश चालेल, आणि आपल्याला तेवढंच हवंय.

मशीन चालू करा, ग्रबचा (बूटच्या वेळचा) मेनू आला की ई दाबा. लिनक्स या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्यात आरओ असेल तिथे आरडब्ल्यू करा, क्वाएट असेल तर खोडा, आणि ओळीच्या शेवटी स्पेस देऊन लिहा: इनिट, बरोबरचं चिन्ह, मग स्लॅश बिन स्लॅश बॅश (हे सगळं अर्थात इंग्रजी छोट्या अक्षरांत). कंट्रोल एक्स दाबा. पासवर्ड न विचारता थेट रूटचा प्रॉम्प्ट येईल. मग रूटच्या होममध्ये एक रिकामं फोल्डर करा आणि डीपीकेजी-डेब ला वजा एक्स देऊन ती डेब फाइल त्या फोल्डरमध्ये उलगडा. थेट मुळात, म्हणजे नुसत्या स्लॅशवर, उलगडू नका हं, हे कळकळीने सांगतेय. आजकाल बऱ्याच सिस्टिमवर लिब हे खरं फोल्डर नसून यूएसआरमधल्या लिबकडे जाणारी लिंक असते, आणि असं वरून उलगडलं तर त्या लिंकच्या जागी कोरं फोल्डर येऊन बसू शकतं, मग मात्र खरोखर काहीच चालणार नाही, आगीतून फुफाट्यात.

उलगडलेल्या फोल्डरमध्ये लिबक्रिप्ट.एसओ.१.१.० ही खरी फाइल आणि लिबक्रिप्ट.एसओ.१ ही तिची लिंक अशा दोन गोष्टी दिसतील. दोन्ही सीपी वजा ए ने सिस्टिमच्या लिबमधल्या एक्स८६ ने सुरू होणाऱ्या फोल्डरमध्ये टाका. मग पर्ल वजा व्ही मारून बघा. आवृत्तीचं नाव छापून आलं की समजा काम झालं. सिंक मारा. आता एक्झिट मात्र लिहू नका, कारण या वेळी बॅश हाच पहिला प्रोसेस आहे, तो बाहेर पडला की पुन्हा तेच पॅनिक. त्याऐवजी एक्झेक आणि पुढे स्लॅश एसबिन स्लॅश इनिट लिहा, सिस्टिम तिथूनच नेहमीसारखी उठेल.

लॉगिन झालं की लगेच अपग्रेडला हात घालू नका. आधी देवघेवीचा सगळा डेटा पेनड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. मग डीपीकेजीला कॉन्फिगर वजा ए, मग एपीटीला फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल, आणि शेवटी राहिलेलं फुल अपग्रेड. मागे १० वर जायचा प्रयत्न नको, लिबसी खाली उतरवणं डेबियनला मान्यच नाही, तुम्ही अर्धा पूल ओलांडलाय तर पलीकडेच जा.

प्रश्न: उबुंटू २०.०४ वर मी नवीन जीलिबसी सोर्समधून कंपाइल करून प्रीफिक्स यूएसआर देऊन इन्स्टॉल केली. दुसऱ्या मिनिटाला एलएस सुद्धा सेगमेंटेशन फॉल्ट. शेवटी सगळं नव्याने टाकलं. परत असं झालं तर काय करायचं? (एक विद्यार्थी वाचक)

उत्तर: पहिली गोष्ट, उघडं असलेलं टर्मिनल बंद करायचं नाही. माझ्याकडून एकदा असंच झालं होतं, रात्री घरच्या मशीनवर, चार कमांड पडल्या आणि मी सवयीने खिडकी बंद करून नवीन उघडायला गेले, ती उघडलीच नाही. जी बॅश आधीपासून चालू आहे तिच्या मेमरीत जुनी लायब्ररी आहे, ती चालत राहते. नवीन काही सुरू करायला गेलं की पडतं.

त्या बॅशच्या पोटातल्या कमांड चालतात. एलएस नाही तर एको आणि पुढे चांदणी, फोल्डरमधली नावं दिसतात. सीडी चालतं, रीड चालतं. बाहेरच्यांपैकी एलडीकॉन्फिग.रिअल (उबुंटूवर नुसतं एलडीकॉन्फिग ही स्क्रिप्ट असते, खरं काम हे करतं) स्टॅटिक, म्हणजे बाहेरची लायब्ररी न लागणारं असतं, तेही चालतं.

तुमच्याकडे काय झालं असणार, तर लोडर आणि लिबसी ही जोडी असते, एकाच आवृत्तीची हवी. तुमच्या इन्स्टॉलने लिब६४ मधला लोडर नवा आणला आणि लिबसी उबुंटूची जुनीच सापडत राहिली. पण २०.०४ मध्ये आवृत्ती २.३१, आणि तेव्हा खरा लोडर एलडी-२.३१.एसओ या नावाने शेजारच्या फोल्डरमध्ये असायचा, तो कोणी पुसलेला नसतो. त्याचा पूर्ण पाथ देऊन, लायब्ररी-पाथ सांगून, पुढे एलएन ची कमांड लिहिली की तो स्वतःच एलएन ला चालवतो आणि तुटलेली लिंक परत त्याच्याकडे वळवता येते. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा एलएसचं आउटपुट बघून डोळ्यात पाणी आलं होतं, खरंच. २.३४ पासून मात्र आवृत्ती असलेली ही नावं गेली, त्यामुळे नव्या सिस्टिमवर या नावाचा लोडर सापडणार नाही. तिथे जुना लोडर मिळालाच नाही तर लाइव्ह यूएसबी, आणि त्यात सीएचरूट (बिघडलेल्या सिस्टिमच्या आत शिरून काम करणं) पण होणार नाही कारण आतली बॅशच उठत नाही, म्हणून बाहेरूनच मूळ पॅकेज वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडून फाइली जागेवर ठेवायच्या.

आणि चालू सिस्टिममध्ये लिबसीच्या फाइलवर सीपी कधीच करू नका. सीपी त्याच फाइलच्या आत लिहितं, आणि तिला धरून बसलेले सगळे चालू प्रोग्राम एका झटक्यात पडतात, तुमचं ते शेवटचं टर्मिनल सुद्धा. डीपीकेजी नवीन फाइल बाजूला लिहितं आणि मग नाव बदलतं, म्हणून त्याच्या अपग्रेडमध्ये चालू प्रोग्राम टिकतात.

प्रश्न: एक प्रोग्राम डाउनलोड केला, तो म्हणतो जीलिबसी २.३४ नॉट फाउंड. मशीनवर उबुंटू २०.०४. लिबसी अपग्रेड करू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नाही, वरचं उत्तर वाचलंत ना. तुमची सिस्टिम ठीक आहे, तो प्रोग्राम २.३४ किंवा त्याहून नव्या जीलिबसीवर बांधलाय एवढंच. ऑगस्ट २०२१ ला आलेल्या २.३४ मध्ये थ्रेडची लायब्ररी लिबसीतच विलीन केली आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नवी आवृत्ती दिली, म्हणून त्यावर कंपाइल केलेलं जवळपास सगळंच २.३४ मागतं, आत साधी बेरीज असली तरी. २०.०४ साठी बांधलेली फाइल मिळते का बघा, नाहीतर सोर्स घेऊन तुमच्याच मशीनवर कंपाइल करा, तेही नको असेल तर २२.०४ च्या कंटेनरमध्ये (तुमच्या मशीनवरच, पण स्वतःच्या वेगळ्या लायब्ररी असलेल्या कप्प्यात) चालवा, तिथे २.३५ आहे.