टेप घेऊन बाहेर पड

प्रिय मित्रा,

फूटपाथबद्दल महापालिकेला द्यायच्या तुझ्या अर्जाचा मसुदा वाचला. दोन पानांत 'आमच्यासारख्यांचा विचारच होत नाही' हे वाक्य तीनदा आलंय. खरं आहे ते. पण कनिष्ठ अभियंत्याला त्या वाक्याचं काय करावं कळत नाही, म्हणून तो ते फाइलला लावून मोकळा होतो.

आमच्या कोपऱ्यावरची गोष्ट सांगतो. फूटपाथवर दुचाक्या चढू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवले. हेतू सुरक्षेचा, वाईट म्हणवत नाही. दोन खांबांमधलं अंतर 58 सेंटिमीटर, माझी व्हीलचेअर 66. दुचाकीवाले शेजारच्या दुकानासमोरच्या उतारावरून खुशाल चढतात आणि मी बसच्या चाकांशेजारून, भर रस्त्यातून जातो. ज्यांनी त्यांना दंड करायचा त्यांनी तो केला नाही, तो मी भरतोय. सुरक्षितता वेगळी आणि दिव्यांगांची सोय वेगळी असं कुणी तुला समजावू लागलं, तर त्याला असे खांब दाखव.

पहिले दोन अर्ज मीही तुझ्यासारखेच तळतळून लिहिले होते. तिसरा चार ओळींचा: कोणता खांब, अंतर किती, हवं किती (किमान 90), कोणता काढायचा. सोबत खांबांमध्ये मोजायची टेप लावून काढलेला फोटो. आवक क्रमांक पडल्याशिवाय टेबल सोडलं नाही. चार महिने गेले, पण खांब निघाला. मुंबईत अशाच खांबांबद्दल व्हीलचेअर वापरणाऱ्या एका रहिवाशाने ई-मेल केला आणि 2023 मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. एक ई-मेल, बरं का.

उताराचंही मोजूनच लिही. प्रमाण एकास बारा. पायरी 15 सेंटिमीटर असेल तर उतार 180 सेंटिमीटर लांब हवा. साठ सेंटिमीटरात उरकलेला असतो ती घसरगुंडी. 'ही नुसती मार्गदर्शक तत्त्वं, सक्ती नाही' असं उत्तर आलं, तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आणि दिव्यांगांना सार्वजनिक जागा वापरता याव्यात यासाठीच्या राजीव रतुरी प्रकरणातला नोव्हेंबर 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही अर्जात घाल. नियम बंधनकारकच हवेत, असं न्यायालयाने म्हटलंय.

पैशाबाबत माझं मत जरा कडक आहे. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. ते कुठे खर्च झाले हे माहिती अधिकारात जरूर विचार, पण फूटपाथ त्या पैशातून मागू नकोस. फूटपाथ पथ विभागाच्या पैशातूनच व्हायला हवा. त्यावरून दप्तर घेतलेली पोरं जातात, गुडघे धरलेल्या आज्या जातात. आपल्या नावावर तो खर्च कशाला पडू द्यायचा?

तू पुण्यात आहेस, तुला एक वाट जास्त आहे. तिथे 2006 पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. क्षेत्रीय कार्यालयात मुदत विचारून ठेव. आणि आता एका प्रभागात चार-चार नगरसेवक, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. चौघांनाही एकच अर्ज दे, प्रत्येकाची पोच वेगळी घे.

नवा मसुदा पाठव, एका पानाच्या वर नको. आणि टेप पोलादी घे, कापडी ताणली जाते. अभियंता नेमका तोच मुद्दा काढेल.

तुझा,
काका