दंडाने शिस्त लागते का?

प्रश्न : आमच्या सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा न करणाऱ्या सभासदांना दंड लावण्याचा ठराव येत आहे. त्याने खरोखर फरक पडेल का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : फरक पडतो, पण तो हव्या त्या दिशेनेच पडेल असे नाही. फेर आणि गॅख्टर या अर्थशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत, सामायिक निधीत पैसे न घालणाऱ्याला पदरमोड करून दंड करण्याची मुभा इतर सहभागींना मिळताच एकूण वर्गणी वाढली. याउलट, इस्रायलमधील हैफा येथील काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना किरकोळ दंड लावला, तेव्हा उशीर वाढला आणि दंड रद्द झाल्यावरही तो कमी झाला नाही, कारण भिडेखातर पाळल्या जाणाऱ्या वेळेला जणू भाव लागला. (मुंबईत तर भाव ठरला की मोजणारे निघतातच.) २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना दीर्घकाळ टिकलेल्या सामायिक व्यवस्थांत सौम्य शिक्षेपासून चढत जाणारी पद्धत आढळली. म्हणून आधी दारावर जाऊन समज द्यावी, पुन्हा तेच घडल्यास लेखी सूचना आणि त्यानंतरच दंड, तोही समितीच्या सदस्यांना न वगळता. कोणाच्या डब्यात काय होते, हे सांगण्याचे काम मात्र सफाई कामगाराच्या गळ्यात घालू नये. दिवाळीची बक्षिसी त्याला त्याच दारांतून घ्यायची असते.