फायरप्लेसच्या वर टीव्ही लावणं सुरक्षित आहे का? लावायचा तर नेमकी काय काळजी घ्यावी?

लावता येतो, पण सगळ्याच फायरप्लेसच्या वर नाही. तुम्ही लिहिलंय की टीव्ही 55 इंची आहे, भिंत विटांची आहे, लाकडं जाळता आणि ब्रॅकेटही आणून ठेवलाय. तो ब्रॅकेट अजून खोक्यातच राहू द्या आणि आधी थर्मामीटर घ्या. टीव्ही बसवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. फायरप्लेसवरचं काम आलं की तापमान मोजल्याशिवाय मी भिंतीला ड्रिल लावत नाही.

टीव्हीच्या मॅन्युअलमध्ये वापराच्या तापमानाची मर्यादा दिलेली असते. घरगुती टीव्हींना ती बहुतेक वेळा 40 अंश सेल्सिअस असते. हे 40 अंश टीव्हीच्या भोवतालच्या हवेचे आहेत, आतले भाग त्याहून बरेच तापलेले असतात. टीव्हीला स्वतःची उष्णता बाहेर टाकायची असते आणि बाहेरची हवाच गरम असेल तर ती निघत नाही. याचा त्रास आधी होतो तो पॉवर बोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरना, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डबीसारख्या भागांना. दर 10 अंश वाढीला त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या क्षेत्रातला ढोबळ हिशेब आहे. हे नुकसान हळूहळू होतं, म्हणूनच चुकीच्या जागी लावलेला टीव्हीसुद्धा पहिल्या हिवाळ्यात नीट चालतो आणि माणूस निर्धास्त होतो.

मोजायचं असं. टीव्हीची खालची कड जिथे येणार तिथे, मध्यावर आणि वरच्या कडेशी थर्मामीटर मास्किंग टेपने चिकटवा. आणखी एक थर्मामीटर टीव्हीच्या जाडीइतका भिंतीपासून पुढे धरला जाईल अशी सोय करा, कारण गरम हवेचा झोत पुष्कळदा भिंतीला न चिकटता थोडा पुढून वर जातो. मग नेहमीपेक्षा जास्त लाकडं घालून दोन-तीन तास जाळ चालू ठेवा आणि दर अर्ध्या तासाने आकडे लिहून काढा. जाळ विझल्यावरही आणखी तासभर बघा. विटा उशिरा तापतात आणि उशिराच निवतात, त्यामुळे सर्वांत मोठा आकडा कधी कधी तेव्हाच येतो. इन्फ्रारेड गन असेल तर ती भिंतीच्या पृष्ठभागासाठी वापरा, हवेचं तापमान तिने कळत नाही.

हवा 35 अंशांच्या आत राहिली तर मी काम करतो. 35 ते 40 मध्ये असेल तर आधी वरची फळी, म्हणजे मँटल, जास्त खोल, म्हणजे भिंतीपासून जास्त पुढे आलेली करून पुन्हा मोजायला सांगतो. वर येणारी गरम हवा फळीला अडून खोलीच्या दिशेने वळते, हेच तिचं खरं काम. फक्त ती लाकडी असेल तर जाळाच्या तोंडापासून किती लांब हवी हे फायरप्लेसच्या मॅन्युअलमध्ये आणि तुमच्याकडच्या बांधकाम नियमांत बघा. टीव्ही वाचवायला गेलात आणि फळीच पेटली, असं व्हायला नको. 40 च्या वर आकडा गेला तर टीव्ही दुसऱ्या भिंतीवर लावा, यात मी तडजोड करत नाही. लाकडाच्या जाळात आणखी एक अडचण आहे. बारीक काजळी टीव्हीच्या मागच्या जाळीतून आत जाते. धूर खोलीत येत असेल तर चिमणी साफ करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता भिंत. ही साधी भिंत नाही, तिच्यामागे धूर जायची पोकळी आहे. त्या पोकळीपुढे कधी कधी विटेचा एकच थर असतो, जेमतेम 10 सेंटिमीटरचा. ड्रिल आरपार गेलं तर त्या भोकातून धूर आणि कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. या वायूला वास नसतो, तो कळत नाही आणि त्याने माणसं दगावतात. म्हणून ड्रिलच्या बिटला अँकरच्या (भोकात घट्ट बसून ब्रॅकेट धरून ठेवणाऱ्या बोल्टच्या) लांबीइतक्या अंतरावर टेप गुंडाळा आणि त्यापुढे जाऊ नका. बिट अचानक पोकळीत गेल्यासारखं वाटलं तर थांबा, आणि चिमणीचं काम करणाऱ्या माणसाने ते बघेपर्यंत आग पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर टीव्ही लावा किंवा न लावा, त्या खोलीत हवाच.

दर्शनी भागावर दगडाच्या किंवा टाइलच्या पातळ चकत्या असतील तर त्यांच्यावर भार देऊ नका, अँकर मागच्या भक्कम विटेत गेला पाहिजे. सांध्यातल्या चुन्या-सिमेंटपेक्षा विटेच्या मध्यावर भोक घ्या. तापणाऱ्या भिंतीत मी प्लॅस्टिकचे रावळप्लग वापरत नाही, स्टीलचे अँकरच घालतो.

बाहेर ओढता येणाऱ्या हाताचा ब्रॅकेट घेतला असेल तर एक हिशेब करा. 20 किलोचा टीव्ही भिंतीपासून 50 सेंटिमीटर पुढे आला आणि वरच्या-खालच्या बोल्टमध्ये 20 सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या बोल्टांवर भिंतीतून उपटून काढणारी ओढ सुमारे 50 किलोची पडते. जुन्या, भुसभुशीत विटेत हे मी करणार नाही. नुसता खाली झुकणारा ब्रॅकेट पुरतो.

झुकणारा ब्रॅकेट हवाच, कारण टीव्ही उंच जाणार. समजा बसल्यावर तुमचे डोळे जमिनीपासून 105 सेंटिमीटरवर आहेत आणि टीव्हीचा मध्य 185 वर. सोफा टीव्हीपासून 3 मीटरवर असेल तर मान साधारण 15 अंश वर राहते, ते चालतं. सोफा 2 मीटरवर असेल तर तोच कोन 22 च्या आसपास जातो आणि सिनेमा संपेपर्यंत मान आखडते. बसून बघा, भिंतीवर टीव्हीच्या मापाचा कागद लावून अर्धा तास त्याच्याकडे बघत राहा.

खाली ओढून समोर आणता येणारे ब्रॅकेटही मिळतात. मान वाचते, पण खाली आलेला टीव्ही थेट जाळासमोर येतो. आग विझून भिंत निवल्याशिवाय तो खाली ओढायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. लहान मुलं असतील तर मी तो सुचवत नाही.

वायरचं थोडक्यात: टीव्हीची पॉवर केबल भिंतीच्या आत लपवू नका, ती त्यासाठी बनवलेली नसते. वायरमनकडून टीव्हीच्या मागेच सॉकेट काढून घ्या आणि कुठलीही वायर धुराच्या मार्गाजवळून नेऊ नका.

मोजलेले आकडे आणि फळीची खोली इथे लिहिलीत तर ब्रॅकेट किती उंचीवर घ्यायचा ते सांगतो.