माघार, सुटका की तारण?

प्रश्न असा आला आहे : 'डंकर्कच्या इव्हॅक्युएशनला मराठीत काय म्हणावे? माघार, सुटका की निर्वासन?'

डंकर्क हे उत्तर फ्रान्समधले बंदर. दुसऱ्या महायुद्धात, 1940 मध्ये, तिथे अडकलेले ब्रिटिश व फ्रेंच सैन्य जहाजांनी इंग्लंडला नेले, तेच हे इव्हॅक्युएशन. निर्वासन आधी बाद करू. निर्वासन म्हणजे हद्दपारी. निर्वासित त्याचाच भाऊ. डंकर्कचे सैनिक तर घरी निघाले होते. (निदान इंग्रज तरी. फ्रेंचांचे घर मागेच राहिले.)

माघार चुकीची नाही, पण ती आधीच्या दोन आठवड्यांना लागू पडते. मे 1940 मध्ये जर्मन रणगाडे फ्रान्सच्या पूर्वेकडच्या सेदान गावाकडून घुसून थेट समुद्राला भिडले आणि उत्तरेकडचे ब्रिटिश व फ्रेंच सैन्य मागे सरत सरत किनाऱ्याला लागले. इथवर माघार. ती ज्याची त्यानेच 'घ्यायची' असते. पुढे पाणीच होते, मग घेणार कुठे? 26 मे ते 4 जून जे घडले ते दुसऱ्यांनी केले. समोरच्या इंग्लिश किनाऱ्यावर डोव्हरच्या किल्ल्याखालच्या भुयारांत बसून व्हाइस अ‍ॅडमिरल रॅम्से यांनी जहाजे धाडली आणि 3,38,226 माणसे पलीकडे नेली. गाजल्या त्या हौशी लोकांच्या छोट्या होड्या; पण बहुतेक सैनिक बंदराच्या लांब, अरुंद बांधावरून मोठ्या जहाजांवर चढले.

यासाठी मला सुटका जवळचा वाटतो. आपण 'आग्र्याहून सुटका', 'पन्हाळ्याहून सुटका' म्हणतो. पहारा किंवा वेढा आहे आणि त्यातून माणूस बाहेर पडतो, हे चित्र त्या शब्दात आधीपासूनच आहे. सुटका आपली आपण होते, तशी कुणी करूनही देतो.

खरी पंचाईत पुढे आहे. 4 जूनला चर्चिल पार्लमेंटात म्हणाले, या 'डिलिव्हरन्स'ला विजय समजू नका; 'इव्हॅक्युएशन'ने युद्धे जिंकता येत नाहीत. लागोपाठच्या वाक्यांत दोन शब्द. दोन्हीकडे सुटका घातली की बोलण्यातली धार गेली. दुसरीकडे माघार घातली तर 'माघार घेऊन युद्ध जिंकता येत नाही' हे कुणीही सांगेल, त्याला चर्चिल कशाला हवा?

डिलिव्हरन्सला खरे तर तारण नेमका बसला असता. मुळात 'तृ' म्हणजे पाणी ओलांडणे. तरणे, तारणे, तारू सगळी त्याच घरची. मराठी ख्रिस्ती लोक तो मुक्तीच्या अर्थाने आजही वापरतात. पण इतरांना तारण म्हटले की सोन्यावरचे कर्ज आठवते.

म्हणून पहिल्या जागी सुटका ठेवावी आणि दुसऱ्या जागी सरळ क्रियापद : 'सैन्य काढून आणल्याने युद्धे जिंकता येत नाहीत.' इव्हॅक्युएशनच्या मुळाशी 'रिकामे करणे' आहे, पण 'डंकर्क रिकामे केले' असे मात्र लिहू नका. शेवटचे जहाज सुटले तेव्हा हजारो फ्रेंच सैनिक तिथेच होते, आणि ते कैद झाले.