फीचं नंतर, आधी राजीनाम्याचं बोलू

वाचकाचं पत्र: सहा वर्षं दारूपासून दूर आहे, आता व्यसनमुक्ती समुपदेशक व्हायचंय. १२० तासांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची फी माझ्या सहा पगारांइतकी आहे. आठ पगारांची मुदत ठेव मोडू, की १४ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज काढू? पुढच्या महिन्यात राजीनामा देतोय. सुरुवातीला निम्माच पगार मिळेल. घरखर्च आताच्या पगाराच्या ८० टक्के आहे.

कर्ज नकोच. सहा पगार घेऊन तीन वर्षांत जवळपास साडेसात फेडाल. पण ठेवीलाही हात लावू नका. या पत्रात खरी महाग गोष्ट आहे ती राजीनामा. निम्म्या पगारात दरमहा ३० टक्के कमी पडणार, म्हणजे तीन वर्षांत अकरा पगार. त्यात फीचे सहा. लागणार सतरा, हाताशी आठ.

तीन वर्षं का? समुपदेशकांना प्रमाणित करणाऱ्या मंडळांची आयसी अँड आरसी ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या अल्कोहोल अँड ड्रग काउन्सेलर प्रमाणपत्राला ३०० तास शिक्षण, ३०० तास पर्यवेक्षण, म्हणजे अनुभवी समुपदेशकाची देखरेख आणि मार्गदर्शन, आणि ६,००० तासांचा अनुभव लागतो. आठवड्याला ४० तास धरले तरी १५० आठवडे. संबंधित विषयातली पदवी असेल तर तास कमी होतात, पण तुम्ही पदवीबद्दल काहीच लिहिलेलं नाही.

तुमच्या अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक पाहिलं. १२० तास, सगळे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, पर्यवेक्षण शून्य. आणि वर ‘१०० टक्के नोकरी’. असं विकणाऱ्यांची मला चीड येते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये व्यसनोपचारातल्या १४० व्यावसायिकांना प्रेरणादायी मुलाखतीचं तंत्र, म्हणजे उपदेश न करता रुग्णाकडूनच बदलाची इच्छा बोलती करणारी संवादाची पद्धत, शिकवून पाहिलं. नुसती कार्यशाळा केलेल्यांचं कौशल्य चार महिन्यांत ओसरू लागलं. मागाहून अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालेल्यांचं टिकलं. रुग्णासमोर बसायचं, मग जाणत्या माणसाकडून आपल्या चुका ऐकायच्या, यासाठीच पैसे मोजावेत.

तुमची सहा वर्षं मोलाची आहेत, पण ती या तासांच्या हिशेबात धरली जात नाहीत. आणि पैशांची सततची ओढाताण त्या सहा वर्षांवरच ताण आणेल, याची मला फीपेक्षा जास्त काळजी वाटते.

नोकरी सोडू नका. आधी उपचार केंद्रात सुट्टीच्या दिवशी काम मागा. पर्यवेक्षक कोण, महिन्याला किती तास देणार, ते तास कोणतं मंडळ मान्य करतं, हे लेखी घ्या. मग अर्धवेळ नोकरीची बोलणी करा. केंद्राचं लेखी पत्र हातात आलं की मला कळवा, फी कशी भरायची ते तेव्हा ठरवू.