तेर्स, तिन्हीसांज आणि पेंगुळलेली मुले

प्रश्न : ताई, आम्ही मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात राहतो. माझे यजमान व्यापारी जहाजावर असल्यामुळे वर्षातले बरेच महिने घरी नसतात. घरी सासूबाई, साडेपाच वर्षांचा मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी आहे. रात्रीची जेवणे आटोपल्यावर सगळ्यांनी आल्तारापुढे, म्हणजे घरातल्या वेदीपुढे, गुडघे टेकून पूर्ण तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणायची, असा सासूबाईंचा नेम आहे. मुलगा दुसऱ्या रहस्यालाच, म्हणजे तेर्सच्या पाच भागांतल्या दुसऱ्या भागालाच, पेंगू लागतो किंवा बहिणीच्या खोड्या काढतो, मग त्याला ओरडा बसतो आणि प्रार्थना रडारडीत संपते. आता तर तेर्सची वेळ झाली की तो लपून बसतो. सासूबाई म्हणतात, आत्ता सवय लावली नाही तर पुढे मुले हातची जातील. मनातली आणखी एक गोष्ट सांगते. धाकटी झाल्यापासून मला स्वतःलाच प्रार्थना करता येत नाही, डोळे मिटले की झोप लागते. मग मी मुलांना काय शिकवणार? — एक आई, मालवण तालुका

उत्तर : तुमच्या सासूबाईंची काळजी खरी आहे, हे आधी सांगते. बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभीच, त्याची श्रद्धा प्रथम त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होती असे म्हटले आहे. त्याचे वडील ग्रीक होते एवढेच बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात कळते, त्यांच्या श्रद्धेविषयी एक शब्दही येत नाही. घरातला पुरुष दूर असताना दोन बायकांनी मुलाला प्रार्थनेत वाढवणे ही आपल्या किनाऱ्यावरची नेहमीची गोष्ट आहे, आणि तिला इतका जुना आधार आहे. तेव्हा तेर्स सोडा, असे मी मुळीच सांगणार नाही. बदलायची आहे ती वेळ आणि मुलांच्या वाट्याला येणारी लांबी.

पाच रहस्ये, प्रत्येकात एकदा प्रभूची प्रार्थना आणि दहा वेळा नमो मरिया, शिवाय शेवटी लादाइन, म्हणजे मरियेला आळवणारी प्रार्थनामाला, जोडली तर सहज वीस-पंचवीस मिनिटे जातात, आणि तीही दिवसभर उन्हात खेळून, पोटभर पेज-भात जेवून, डोळ्यांवर झोप आलेली असताना. साडेपाच वर्षांचे मूल त्या वेळी ताठ बसले नाही तर त्यात श्रद्धेची कसली उणीव आहे? त्याचे शरीर आपले काम करत आहे. उलट रोज रात्री प्रार्थना आणि ओरडा एकाच जागी भेटू लागले, तर मूल त्या दोन्हींना एकच समजू लागते, आणि तुमच्या पत्रातला लपून बसणारा मुलगा नेमके तेच सांगतो आहे.

माझी सूचना अशी की मुलांची प्रार्थना तिन्हीसांजेला आणावी. शेजारच्या घरात दिवेलागणीला शुभंकरोती म्हटली जाते त्याच सुमारास आपल्या चर्चची घंटा वाजते, आणि त्या घंटेची प्रार्थना, म्हणजे देवदूताने मरियेला दिलेला निरोप आणि तीन नमो मरिया, दोन-तीन मिनिटांत पुरी होते. अंगणातून हातपाय धुऊन आत आलेली मुले त्या वेळी जागी असतात, भुकेली असतात आणि घंटेची वाट पाहायला त्यांना आवडते. त्याला जोडून तेर्सचे एकच रहस्य म्हणावे. दहा मण्यांपैकी प्रत्येक मणी कोणासाठी हे मुलाने सांगायचे: एक जहाजावरच्या बाबांसाठी, एक आजीच्या गुडघ्यांसाठी, एक शेजारच्या व्यायलेल्या गाईसाठी. यावर हसू नये. गाईसाठी प्रार्थना करणारे मूल देव सगळ्यांचा आहे हेच शिकत असते. मेणबत्ती तुम्ही लावा, विझवायचे काम त्याला द्या. अडीच वर्षांच्या मुलीच्या हातात लाकडी मण्यांची मजबूत माळ द्या, ती तोंडात घातली तरी चालेल.

उरलेली चार रहस्ये सासूबाईंनी जेवणानंतर आपल्या गतीने म्हणावीत आणि जमेल तेव्हा तुम्ही त्यांच्याजवळ बसावे. मुले पलीकडे अंथरुणावर झोपेत जाताना आजीचा आवाज ऐकतील. त्या आवाजाचे मोल मी कमी मानत नाही, पण तो ऐकताना त्यांनी गुडघ्यांवर असायला हवे असे नाही. सासूबाईंशी हे बोलताना, मुलांना जमत नाही म्हणून तेर्स कमी करू या, असे म्हणू नका. मुलांना पहिले रहस्य तुम्ही शिकवा, अशी विनंती करा. शिकवण्याचा मान त्यांचाच राहू द्या.

आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी रहस्याऐवजी गोष्ट सांगा. समुद्रकाठच्या मुलांसाठी शुभवर्तमानात किती सामग्री आहे! वादळात नाव हेलकावे खात असताना उशीवर डोके ठेवून झोपलेला येशू मार्कच्या चौथ्या अध्यायात आहे. रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हाताने परतलेल्या शिष्यांसाठी पहाटे किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवावर मासळी भाजून, भाकर घेऊन वाट पाहणारा येशू योहानाच्या एकविसाव्या अध्यायात आहे, आणि त्या दिवशी जाळ्यात १५३ मासे आले हा आकडा मुले कधी विसरत नाहीत. एकशे सातव्या स्तोत्रात जहाजाने समुद्रावर जाणाऱ्यांचा, लाटांनी गांगरलेल्यांचा आणि मग इष्ट बंदराला पोहोचलेल्यांचा भाग आहे. यजमानांचा फोन लागेल तेव्हा त्यांच्याकडूनच तो मुलांना वाचून घ्या. बाबा दूर असूनही प्रार्थनेत आहेत, हे मुलांना त्यामुळे कानांनी कळेल.

आता तुमच्या स्वतःच्या प्रार्थनेविषयी. थकवा म्हणजे श्रद्धा आटणे नव्हे. दोन लहान मुले, घर, वृद्ध सासूबाई आणि दूर असलेला नवरा एवढे सांभाळणाऱ्या बाईने डोळे मिटल्यावर झोप लागणे हे स्वाभाविक आहे. म्हणून काही काळ डोळे मिटून प्रार्थना करूच नका. सकाळी चूल किंवा गॅस पेटवताना, विहिरीवर किंवा नळावर, मासळी साफ करताना एकच ओळ घ्या आणि आठवडाभर तीच ठेवा. तेविसाव्या स्तोत्राचे पहिले वचन यासाठी पुरेसे आहे. लहान मुलांच्या आईने मठातल्या वेळापत्रकाप्रमाणे प्रार्थना करावी अशी अपेक्षा कोणी ठेवू नये, आणि तिने स्वतःकडून तर मुळीच ठेवू नये. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटले आणि आईवडिलांना मुलांचे पहिले सुवार्तिक मानले, शब्दाने आणि उदाहरणाने. तुमची मुले तुम्हाला थकलेल्या अवस्थेतही क्रूसाची खूण करताना पाहतात, यात ते उदाहरण आहे.

मात्र एक गोष्ट तपासून पाहा. झोप मिळूनही उत्साह येत नसेल, विनाकारण रडू येत असेल, जेवणावरची वासना गेली असेल, तर डॉक्टरांकडे जा. तो आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत. त्यासाठी आपल्या प्रार्थनेला दोष देत बसू नका.

प्रश्न : माझे बाळ दहा महिन्यांचे आहे. रविवारच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) ते रडते, लोक वळून पाहतात, आणि मी अर्धा वेळ बाहेर आंब्याखाली उभी असते. मिस्सा चुकली तर पाप लागते का? — सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक वाचक

उत्तर : नाही. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात रविवारच्या मिस्साचे कर्तव्य सांगताना गंभीर कारणाने मिळणाऱ्या सवलतीची जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत आजारपणाबरोबर तान्ह्या मुलांची देखभाल स्पष्ट शब्दांत नोंदवलेली आहे. मुलांवर तर सात वर्षे पूर्ण होईपर्यंत हे बंधनच नाही. तरीही तुम्ही जाता, हे चांगले करता. घरात दुसरे कोणी असेल तर आळीपाळीने जा. बाळाला घेऊन जायचे असेल तर मागच्या दाराशी बसण्याऐवजी पुढे बाजूच्या बाकावर बसा, कारण मेणबत्त्या आणि हालचाल दिसली की बाळ जास्त वेळ रमते. रडले तर शांतपणे बाहेर जा आणि शांत झाले की परत या. मुलांसह साजऱ्या होणाऱ्या मिस्सांविषयी रोमहून १९७३ साली आलेल्या मार्गदर्शनात असेही सुचवले आहे की अगदी लहान मुलांना धर्मग्रामातील (पॅरिशमधील) मदतनीसांनी वेगळ्या जागी सांभाळावे आणि शेवटच्या आशीर्वादासाठी आत आणावे. तुमच्या गावात चार आया मिळून ही सोय करू शकता, धर्मगुरूंशी बोलून पाहा. वळून पाहणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी पुढच्या वेळी त्या आईची पिशवी धरावी.

प्रश्न : प्रभू येशूच्या नावाने सलाम. आमची साडेचार वर्षांची मुलगी बालवाडीत जाते. चतुर्थीला शेजारी चाकरमानी आले, भजने झाली, आणि ती रोज तिथेच असायची. आता ती घरभर आरती म्हणते आणि विचारते, आपल्याकडे गणपती का नाही? माझ्या जाऊबाई म्हणतात, तिला पाठवलेच कशाला? — वेंगुर्ले

उत्तर : पाठवलेत ते योग्यच केलेत. त्याच शेजाऱ्यांनी तुमच्या अडीनडीला धाव घेतली असेल आणि पुढेही घेतील, तेव्हा त्यांच्या घरच्या आनंदापासून मुलीला तोडून तुम्ही तिला ख्रिस्ताच्या जवळ आणणार नाही. माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या चौकटीला, बांधलेली फळे, टाळ-मृदंग, उशिरापर्यंतचे जागरण, भरलेले घर हे कोणत्याही मुलाला ओढ लावणारच. तिला सरळ सांगा, "ती त्यांच्या घरची पूजा आहे, आपल्या घरी आपण येशूची प्रार्थना करतो. त्यांच्याकडे गेलो की आपण शांत बसायचे आणि नमस्कार करून, विचारून घरी यायचे." शेजाऱ्यांच्या देवाविषयी हलके बोलणे मुलांच्या कानावर पडू देऊ नये. त्यातून मूल श्रद्धा शिकत नाही, तुच्छता मात्र शिकते.

प्रसादाविषयी मंडळ्यामंडळ्यांत मते वेगळी आहेत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायात पौलाने हाच प्रश्न हाताळला आहे, आणि त्याने खाण्यापेक्षा दुसऱ्याच्या विवेकबुद्धीचा विचार मोठा मानला आहे. ते दोन अध्याय यजमान आणि तुम्ही एकत्र वाचा, आपल्या पाळकांशी बोला आणि काय ते घरात एकमताने ठरवा. साडेचार वर्षांच्या मुलीने शेजारच्या काकूंसमोर उभे राहून तो निर्णय करावा, अशी वेळ तिच्यावर आणू नका.

तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र तुमच्या घराला द्यायचे आहे. मला वाटते, आपल्या पुष्कळ घरांत लहान मुलांना फक्त गप्प बसायला सांगितले जाते, त्यांच्या हातांना आणि गळ्याला काही काम मिळत नाही. गाण्यांची आपल्याकडे वाण नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ख्रिस्तपुराण ओवीबद्ध रचले आणि ते १६१६ साली छापले गेले, ते नव्या ख्रिस्ती लोकांना पुराणांच्या जागी आपल्या भाषेत गाण्या-ऐकण्याजोगे काही हवे होते म्हणूनच. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, १८६१ सालचा त्यांचा जन्म, आणि त्यांची भजने व अभंग टाळांवर म्हणण्यासारखे आहेत. तिच्या हातात लहान टाळ द्या आणि एक भजन पुरे पाठ होईपर्यंत रोज तेच म्हणा. डिसेंबरमध्ये नाताळच्या दहा-बारा दिवस आधी एका ताटलीत माती घालून तिच्या हाताने नाचणी पेरा, रोज पाणी शिंपडायला लावा. गव्हाणीच्या देखाव्यातली हिरवळ तिनेच उगवलेली असेल. मग नेवऱ्या आणि कुलकुलांचे ताट घेऊन तिलाच शेजारी पाठवा, आणि ज्यांच्या माटवीखाली ती बसली त्या सगळ्यांना तिच्याकडून देखावा पाहायला बोलवा.

प्रश्न : माझे वडील पावसाळ्यात वारले. आजारपणात आम्ही रोज प्रार्थना करत होतो. चार वर्षांचा मुलगा आता विचारतो, आपण सांगितले होते तरी देवाने आजोबांना बरे का केले नाही? मी त्याला सांगितले की देवाला ते आवडले म्हणून त्याने नेले. तेव्हापासून तो मला सोडत नाही. — रेवदंड्याजवळून

उत्तर : तुम्ही प्रेमाने बोललात, पण ते वाक्य आता बदला. आवडणाऱ्या माणसाला देव घेऊन जातो, असे त्याला वाटले असेल, तर आईलाही नेईल ही भीती त्याच्या मनात येणारच. झोपी गेले, असेही सांगू नका, मुले त्यामुळे झोपायला घाबरतात. त्याला सांगा की आजोबांचे शरीर खूप आजारी होते, औषधांनी ते बरे झाले नाही, म्हणून आजोबा मेले. मेलेल्या माणसाचे शरीर चालत नाही, त्याला दुखत नाही, भूक लागत नाही. आपण विश्वास ठेवतो की आजोबा येशूजवळ आहेत आणि आपण त्यांना पुन्हा भेटणार आहोत. प्रार्थना ऐकूनही ते बरे का झाले नाहीत, हे आईलाही पूर्ण समजलेले नाही, असे मोकळेपणाने म्हणा. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला, हे योहानाने अकराव्या अध्यायात लिहून ठेवले आहे. ते त्याला सांगा आणि त्याच्यासमोर रडू आले तर लपवू नका.

तो हाच प्रश्न आठवड्यातून चार वेळा विचारील. या वयात मरण कायमचे असते हे मुलांना एकदम उमगत नाही, म्हणून दर वेळी त्याच साध्या शब्दांत उत्तर द्या. आई कुठे जाते आणि केव्हा परत येते हे बाहेर पडताना त्याला सांगून जा, बाजाराला गेलात तरीही. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, त्याला दफनभूमीत सोबत न्या. आदल्या दिवशी कबरीची साफसफाई करताना गवत उपटायला त्याला घ्या, आणि आजोबांच्या नावाची अक्षरे त्याला बोटाने गिरवू द्या. यायला नको म्हणाला तर घरीच त्यांच्या फोटोपुढे फूल ठेवू द्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.